पायथॉन शिकलेली मुले आणि जालन्याची बाजारपेठ

१० ऑक्टोबर २०२४ या एकाच दिवशी धातूच्या भंगाराच्या धंद्यात जीएसटीचे दोन नियम बदलले. नोंदणी नसलेल्या माणसाकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने भंगार घेतले तर कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आली. आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून माल घेताना सौदा अडीच लाखांच्या वर असेल तर घेणाऱ्याने दोन टक्के रक्कम कापून सरकारजमा करायची, असे ठरले. जालन्यात ज्याचा एक हात फेरीवाल्याकडे आणि दुसरा एमआयडीसीतल्या रोलिंग मिलकडे असतो, त्याच्या वहीवर हे दोन्ही नियम एकदम येऊन पडले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे टप्पेच बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे दर बहुतेक वस्तूंवरून गेले.

आता प्रश्न असा की, ज्या व्यापाऱ्यांनी गल्लीतल्या एखाद्या हुशार मुलाकडून हिशेबाचा प्रोग्राम करून घेतला असेल, त्यांचे अशा दिवशी काय होते? कराचा दर प्रोग्रामच्या आतच ठोकून बसवला असेल तर तो बदलायला मुलाला बोलवावे लागते. मूल तोवर पुण्याला नोकरीला गेलेले असते. बरे, तो फोनवर सांगतो तसा दर बदलला, तर मागच्या महिन्याच्या जुन्या पावत्याही नव्या दराने दिसू लागतात! हेच दर ‘अमुक तारखेपासून अमुक दर’ अशा वेगळ्या तक्त्यात ठेवले असते तर दुकानातल्या मुनीमाने दोन मिनिटांत नवी ओळ भरली असती आणि जुन्या पावतीला धक्का लागला नसता. ही गोष्ट प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी अनुभवी माणूस नवख्याला पहिल्याच बैठकीत सांगतो. आमच्याकडे अडचण अशी आहे की बैठकच होत नाही.

पायथॉन ही संगणकाची भाषा हॉलंडच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. ती फुकट आहे आणि वाचायला सोपी आहे. तिच्यावर इंटरनेटवरचे व्यवहार उभे करण्यासाठी तयार सांगाडे मिळतात. त्यांतला जँगो हा सांगाडा तर एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड नावाचे दैनिक आहे. तिथे एड्रियन होलोव्हॅटी आणि सायमन विलिसन या दोघांनी तो घडवला आणि २००५ मध्ये सर्वांना मोफत खुला केला. २०१० चा फ्लास्क, २०१८ चा फास्टएपीआय हे त्याचे धाकटे भाऊ. कोणता चांगला यावर मुले तासन्‌तास वाद घालतात. खाते-वहीच्या कामासाठी आम्ही जँगोच्या बाजूने आहोत, कारण लॉगिन, कोणाला काय पाहता येईल याचे अधिकार, नोंदी भरण्याचा पडदा, हे सारे त्यात आयते मिळते. दुकानदाराला नवलाई नको असते, त्याला रात्री गल्ला जुळायला हवा असतो.

या लोकांची एक रीत मात्र आमच्या कारागीर बांधवांनी डोळे उघडून पाहावी. ते आपले हुन्नर एकमेकांना फुकट सांगतात. २००९ मध्ये बेंगळुरूला पहिले पायकॉन इंडिया संमेलन भरले. ते स्वयंसेवक चालवतात, आणि पगारदार तज्ज्ञ तिथे उभे राहून आपण कुठे अडलो, कसे सुटलो हे अनोळखी मुलांना सांगतात. आमच्या कारखान्यांत काय चालते? शागिर्दाने दहा वर्षे लेथवर काढली तरी उस्ताद शेवटची मेख स्वतःजवळ ठेवतो. त्यालाही कारण आहे, ते आम्ही नाकारत नाही. शेजाऱ्याला मेख कळली की तो उद्या दोन रुपये कमी करून गिऱ्हाईक पळवतो. पण प्रोग्रामच्या धंद्यात लॉगिन कसे बसवायचे हे गुपित विकले जात नाही. विकले जाते ते मोंढ्याच्या हिशेबाचे ज्ञान, आणि ते बेंगळुरूच्या तज्ज्ञाजवळ नाही, तुमच्या मुनीमाजवळ आहे.

म्हणूनच बाहेरचा सल्ला अर्धाच कामाचा ठरतो. अर्धा म्हणजे थोडा नव्हे. तो आधी घ्यावाच. प्रत्येक कामाची पायथॉनची जोडणी वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि कोणत्या आवृत्त्या वापरल्या ते लिहून ठेवा, नाहीतर एका दुकानासाठी केलेला बदल दुसऱ्या दुकानाचे काम बंद पाडतो. पासवर्ड आणि गुप्त किल्ली प्रोग्रामच्या मजकुरात लिहू नका. काम चालू झाल्यावर ‘डीबग’ बंद करा. ते चालू राहिले तर चूक होताच पडद्यावर आतली सगळी मांडणी परक्याला दिसते. पैशासाठी अपूर्णांकाचा साधा प्रकार वापरू नका, ‘डेसिमल’ वापरा. संगणकाला साध्या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर ०.३ येत नाही. तीननंतर पंधरा शून्ये आणि मग एक चार येतो. एका पावतीत तो दिसत नाही. वर्षाच्या ताळेबंदात पैशा-पैशाचा फरक शोधत बसावे लागते आणि सीएची फी वाढते ती वेगळीच.

आता जे बाहेरचा माणूस सांगत नाही ते पाहू. जीएसटीच्या नियमाप्रमाणे पावतीचा क्रमांक त्या आर्थिक वर्षात एकमेव, ओळीने येणारा आणि सोळा अक्षरांच्या आत असावा लागतो. नवखा मुलगा काय करतो? डेटाबेस प्रत्येक नोंदीला आपोआप जो क्रमांक देतो तोच पावतीवर छापतो. पण पावती करता-करता मध्येच नेट गेले, व्यवहार अर्धवट रद्द झाला, की पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये तो क्रमांक वाया जातो आणि १०४ नंतर थेट १०६ येतो. १०५ कुठे गेली, असे कोणी विचारले तर व्यापाऱ्याने काय सांगायचे? यावर उपाय असा की पावतीक्रमांकाची स्वतंत्र नोंद ठेवावी, पावती आणि क्रमांक एकाच व्यवहारात बांधावेत आणि तेवढ्या वेळेपुरती ती नोंद कुलूपबंद करावी. जँगोत यासाठी सोय आहे. दोन काउंटरवर दोन मुले एकाच क्षणी पावती फाडत असतील तरी मग दोघांना एक क्रमांक जात नाही.

दुसरे, वेळेचे. जँगोत नवे काम सुरू केले की घड्याळ जागतिक वेळेवर लावलेले असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसा दुकान चालवणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. पण भंगाराचा ट्रक रात्री दोन वाजता भरला आणि ती रात्र १ एप्रिलची असली, तर त्या घड्याळात अजून ३१ मार्चच चालू असतो. तारीख तिथून उचलली तर पावती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. मोसंबीच्या हंगामात पहाटे गाड्या भरणाऱ्यांनाही हेच लागू. ‘एशिया/कोलकाता’ एवढे दोन शब्द लिहिण्याचे काम आहे, आणि पावतीची तारीख वेगळ्या रकान्यात ठेवण्याचे.

तिसरे, नावांचे. आमच्या वस्तीत ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिले जाते, कोणी मागे लावतो, कोणी पुढे. एकाच गल्लीत एकाच नावाचे तीन गिऱ्हाईक सापडतील. नावावरून खाते शोधणारा प्रोग्राम एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर टाकणार, हे ठरलेले. उधारीवरून आपल्याकडे काय काय होते ते आम्ही सांगण्याची गरज नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र खातेक्रमांक द्यावा. मोबाईल क्रमांकावर विसंबू नये, तो बदलतो. मराठी अक्षरांचीही एक गंमत आहे. ‘व्यापाऱ्या’मधला ‘ऱ’ संगणकात एका चिन्हाने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. नोंद साठवण्याआधी अक्षरे एका रूपात आणण्याची सोय पायथॉनमध्ये आहे, पण मराठीत खाती न ठेवणाऱ्या तज्ज्ञाला ती सुचवण्याची वेळच येत नाही. आणि रकमेत स्वल्पविराम लाख-कोटीच्या रीतीने पडावेत. दहा लाखांचे ‘एक मिलियन’ झालेले पाहून आमचे बुजुर्ग वही परत मागतात, यात नवल नाही.

ही यादी अजून वाढेल. कच्च्या वजनातून धूळ-माती वजा करण्याची रीत, हमाली-तोलाई कोणत्या बाजूला लावायची, जॉबवर्कला दिलेला माल विकलेला दिसू नये, हे सारे मिस्त्रीला, आडत्याला, शिवणकामाच्या कारखानदाराला तोंडपाठ असते. ते कागदावर कधी आलेले नसते. म्हणून आमची सूचना अशी की जालना, अंबड, भोकरदन, परतूर येथील जी मुले हे काम करतात त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, आणि दर वेळी एका धंद्याचा एक जाणता माणूस मध्ये बसवावा. तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेल्या मुलांना तिथे शिकायला मिळेल. जागा फार लागत नाही, एखाद्या गोदामाचा कोपरा पुरे. फक्त एक पथ्य पाळावे. रीत वाटून घ्यावी, गिऱ्हाइकाची वही वाटू नये. अडचण विचारताना खऱ्या नावांची, खऱ्या रकमांची यादी दुसऱ्याला पाठवून देण्याची सवय काही मुलांना असते. २०२३ मध्ये देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि कायदा नसता तरी कोणाकडे किती थकले हे चौकात सांगणे आपल्याकडे कधीच शोभले नाही.

सर्वांनी नवा प्रोग्राम करून घ्यावा असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. किराणा, कापड, हार्डवेअरचे साधे दुकान असेल तर बाजारात तयार मिळणारे घ्यावे आणि मुलांच्या हौसेवर पैसे घालवू नयेत. तयार आणि मोफत यांच्या मधला एक रस्ताही आहे. मुंबईचे ऋषभ मेहता घरच्या फर्निचरच्या व्यवसायाची व्यवस्था संगणकावर लावायला बसले, त्यातून पुढे फ्रॅपे ही कंपनी आणि ईआरपीनेक्स्ट हा प्रोग्राम उभा राहिला. तो पायथॉनमध्ये लिहिलेला आहे, त्याचा मजकूर खुला आहे, साठा, खरेदी, उत्पादन सारे त्यात येते आणि जीएसटीची जोडही मिळते. जालन्याच्या मुलाने शून्यातून हिशेबाचा प्रोग्राम लिहिण्यापेक्षा हा बसवून देणे, त्याला आपल्या धंद्याप्रमाणे वळवणे आणि वर्षभर सांभाळणे यात व्यापाऱ्याचेही हित आहे आणि मुलाला दर महिन्याची मिळकत आहे. पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. त्यांनी तर हौशी प्रोग्रामच्या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करावा.

व्यापाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मुलाला ‘आपलाच आहे’ म्हणून हजार-दोन हजारांत राबवून घ्यायचे आणि पुढे तीन वर्षे रात्री-अपरात्री फोन करायचे, हे बंद व्हावे. सुतार दुरुस्तीला आला तर त्याची मजुरी देता ना? आणि रोजची नक्कल कुठे ठेवली जाते, हे मुलाला विचारण्यावर थांबू नका. तीन महिन्यांतून एकदा तुमच्यासमोर दुसऱ्या संगणकावर त्या नकलेतून सगळी वही पुन्हा उभी करून दाखवायला सांगा. उभी राहिली नाही तर नक्कल नाही असेच समजा.

शेवटी कागदाचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पगारावर नसलेल्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचा मालक, वेगळा करार नसेल तर, तो लिहिणाराच असतो. तुम्ही पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते. तेव्हा काम सुरू होण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: हक्क कोणाचे आणि किती वर्षे, संकेतस्थळाचे नाव आणि सर्व्हरचे खाते कोणाच्या नावावर, दुरुस्तीचे पैसे किती, आणि मुलगा गाव सोडून गेला तर किल्ल्या कोणाच्या हाती. संकेतस्थळाचे नाव दुकानाच्या नावावरच घ्या. वर्षाचे भाडे भरल्याची पावती गल्ल्याच्या खणात ठेवा, जिथे वीजबिल ठेवता तिथेच.