पाना कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, बायकांच्या फिरण्याच्या स्वातंत्र्याविषयी आपल्या संघटनांमध्ये आजवर पुष्कळ बोललं आणि लिहिलं गेलं आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये साक्षरता मोहिमेच्या जोडीनं हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या, हे उदाहरण आपण शिबिरांतून कितीदा तरी देतो. आपल्याकडेही मुली सायकलवर शाळेला जाऊ लागल्या, शिक्षिका आणि नर्सबाई स्कूटरवर दिसू लागल्या. हे मोलाचं आहेच. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. गाडी बाई चालवते, पण ती चालू कोण ठेवतं?

हा प्रश्न मला पडला तो गेल्या वर्षी. एम.एस.डब्ल्यू. करताना क्षेत्रकार्यासाठी मी वडिलांची शंभर सी.सी.ची मोटारसायकल चालवत असे. पुढे लग्न, बाळंतपण, बदललेलं गाव यात सात वर्षं ती गाडी माहेरच्या पडवीत उभी होती. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस पुन्हा हाती घेतल्यावर तिची गरज भासली. कारण मार खाल्लेल्या बाईचा फोन शेवटची एस.टी. निघून गेल्यावरच येतो. तिच्यापर्यंत पोचायला दर वेळी कुणाच्या तरी भावाला किंवा नवऱ्याला उठवायचं, तर आपली मदत त्याच्या मर्जीवर चालते.

गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली, सोबत धाकटा भाऊ होता. गाडी माझी, पैसे माझे, चालवणार मी. मिस्त्री मात्र सगळं भावाला समजावून सांगत होता. मला म्हणाला, “ताई, तुम्ही बसा तिकडं सावलीला.” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण ज्ञान कुणाला द्यायचं आणि कुणाला सावलीत बसवायचं, हे असंच ठरत आलेलं आहे. मी स्टूल ओढून गाडीजवळ बसले आणि प्रत्येक भागाचं नाव विचारत गेले. दुसऱ्या दिवसापासून तो मलाच सांगू लागला.

त्यात गूढ असं काही नव्हतं. पेट्रोल फार दिवस साचलं की त्याचा चिकट थर धरतो आणि कार्बोरेटरच्या जेटची बारीक भोकं बुजतात. म्हणून टाकी रिकामी केली आणि कार्बोरेटर उघडून साफ केला. बॅटरी निकामी झाली होती, ती बदलली. गाडी उभी असली तरी इंजिन ऑइल जुनं होतं, तेही काढून नवं भरलं. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूला चिरा पडल्या होत्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२१५ म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा. एवढं वाचता आलं, तर ‘टायर नवाच आहे’ म्हणून कुणी जुना माल गळ्यात मारू शकत नाही. चेन मधोमध बोटानं वरखाली करून पाहायची. माझ्या गाडीला दोन-तीन सेंटिमीटर ढील चालते. जास्त झाली तर मागच्या चाकाचा नट सैल करून, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून ती ताणायची. शिवणयंत्राचा पट्टा बसवणाऱ्या बाईला यात अवघड काय आहे?

गाडीत सुधारणा करायची म्हटलं की आपल्याकडे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि चमचमणारे दिवे डोळ्यांसमोर येतात. नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल अशी फेरफार करायला मोटार वाहन कायद्यानं (१९८८) मनाई आहे, हे लक्षात ठेवावं. माझा क्रम वेगळा होता. आधी ब्रेकचे लायनर आणि टायर, मग मूळच्याच वॅटचा हेडलाइटचा बल्ब, मग दोन्ही बाजूंना मोठे आरसे. पाय जमिनीवर नीट टेकावेत म्हणून सीटचा फोम थोडा कापून घेतला. उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट. गाडी दिसते कशी यापेक्षा ती थांबते कशी, हे रात्रीच्या रस्त्यावर महत्त्वाचं असतं.

आता साडी गार्डचं पाहा. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. तो कशासाठी? मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. नियम चांगला आहे, जाळी कुणी काढू नये. पण मागे बसणाऱ्या व्यक्तीचा विचार झाला, आणि साडी नेसून किंवा ओढणी घेऊन पुढे बसणारी बाई कुणाच्या ध्यानीमनी आली नाही. सीटची उंची ठरवतानाही ती आलेली दिसत नाही.

आणखी एक भाग बदलायचा राहतो, तो म्हणजे कागदावरचं नाव. बाईच्या पगारातून हप्ते भरलेली स्कूटर नवऱ्याच्या नावावर असते. ती घराबाहेर पडते तेव्हा गाडी घरातच राहते. नात्यामुळे जी साधनं वापरण्याचा तिला हक्क आहे, ती वापरू न देणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार आर्थिक छळच आहे. पण हे सिद्ध करत बसण्यापेक्षा नोंदणी आधीच आपल्या नावावर असलेली बरी. फॉर्म २९ आणि ३० भरून मी वडिलांची गाडी माझ्या नावावर करून घेतली. विमा आणि पी.यू.सी.ही मीच सांभाळते.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की बहुसंख्य बायकांकडे गाडीच नाही, त्यांना एस.टी. हवी. अगदी बरोबर. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्म्या भाड्याची सवलत मिळू लागली, तशा रात्रीच्या फेऱ्याही मिळायला हव्यात. ती मागणी सोडायची नाहीच. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे : घरचं, बाहेरचं सगळं करून आता गाडीचं ऑइलही आम्हीच बदलायचं का? नाही. काम मिस्त्रीनंच करावं, त्याला त्याची मजुरी मिळावी. पण काय बिघडलं, काय बदललं आणि किती पैसे लागले हे आपल्याला कळलं पाहिजे. भाजी दुसऱ्यानं केली तरी मीठ किती पडलं हे आपण ओळखतोच ना?

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या कार्यकर्ता शिबिरात कायदा आणि आरोग्याच्या सत्रांबरोबर अर्धा दिवस गाडीला द्यावा. प्लग काढणं, चेन पाहणं, टायरवरचे आकडे वाचणं प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं करावं. जास्तीचा प्लग, प्लगचा पाना आणि क्लचची केबल प्रत्येक गटाकडे असावी. संस्थेच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्च म्हणजे केवळ पेट्रोल नव्हे, टायर आणि ब्रेकही त्यात धरावेत. आणि गॅरेजमध्ये काम शिकू पाहणारी एखादी मुलगी वस्तीत भेटली, तर ‘हे मुलींचं काम नाही’ असं निदान आपल्या तोंडून निघू नये. तुमच्या गटात असा काही प्रयत्न झाला असेल, तर त्यातल्या अडचणींसह जरूर लिहून कळवा.