तिची गाणी बंद का?

मूल गेलेल्या घरात सर्वांत आधी बंद होतात ती त्या मुलाची गाणी. खेळणी माळ्यावर जातात, कपडे कुणा गरजूला दिले जातात, फोटोला हार पडतो. गाण्याचे मात्र काहीच करता येत नाही. म्हणून ते तोंडातून काढायचे नाही, असा अलिखित नियम होऊन बसतो. कुठे लागलेच तर कुणीतरी लगबगीने उठून बंद करते. आपल्या जुन्या मराठी घरांतून हा नियम फार कडक आहे, आणि तो मोडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठ्यांच्या आठवणीची आपल्याकडे सोय आहे. आजोबांची तिथी असते, पितृपक्ष असतो, त्यांच्या आवडीची खीर पानात पडते. दोन वर्षांच्या आतल्या बालकाला मनुस्मृती अग्नी सांगत नाही, उदकदानही नाही. त्याहून थोड्या मोठ्या मुलांचे श्राद्ध-पक्ष सहसा कुणी करीत नाही. आईबापांचे ओझे हलके व्हावे असा त्यात हेतू असेलही. परंतु वर्षातला एकही दिवस त्या मुलाच्या नावाचा राहत नाही.

कुणी म्हणेल, शोकगीते आहेत की! आहेत, आणि थोर आहेत. गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ माझ्या आईला पाठ होती. पण ती आईची कविता. मुलाला आवडते ते बडबडगीत. बालगंधर्वांचेच पाहा. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली आणि तरीही नारायणराव भामिनी होऊन उभे राहिले. त्यांच्या गंधर्व मंडळीला पुढे सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला. त्यामुळे आमच्या बडोद्यात ही हकीकत मी कर्तव्यनिष्ठेचा नमुना म्हणून लहानपणापासून ऐकत आलो. त्या मुलीविषयी मात्र कुणी एक अक्षर सांगितले नाही.

आमची धाकटी चौथ्या वर्षी तापाने गेली. तिची गाणी दोन. एक ‘नाच रे मोरा’, माडगूळकरांचे, १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले. ‘मोरा’चा ती ‘मोला’ करी. दुसरे बालमंदिरात शिकलेले, साडी नेसून निघालेल्या जाड्या मांजरीचे गुजराती गाणे. त्यात मगर आली की ही आपला परकर दोन्ही मुठींत घट्ट धरी. पुढे सात वर्षे घरात दोन्ही गाणी कुणी उच्चारली नाहीत. मग एकदा शेजारच्या मुलाने गॅलरीत मांजरीचे गाणे अर्धेच म्हणून सोडले, आणि पोळ्या लाटता लाटता आमच्या मंडळींनी आतून ते पुरे केले. त्या रात्री आम्ही प्रथमच मुलीविषयी बोललो. तोवर बोललो होतो ते तिच्या तापाविषयी.

फोटोतली मुलगी हलत नाही. गाण्यात ती परकर धरते, चुकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. वर्षदिनी भजन जरूर ठेवावे. त्यात एक गाणे तिचे असावे, टाळ्यांसकट. पाहुण्यांना चमत्कारिक वाटेल. वाटू द्यावे.

समाचाराला जाणाऱ्यांनाही एक विनंती. आजार कोणता, डॉक्टर कोण, ही चौकशी आता पुरे. मूल काय गात असे, ते विचारावे. आई आधी रडेल, मग सांगेल, आणि बहुधा चालीवर म्हणूनही दाखवील.