एका दमात!

सुहास शिरवळकर म्हटलं, की आपल्याला आठवते ‘दुनियादारी’, त्यातही २०१३चा सिनेमा. पण बॉस, २००३मध्ये गेलेल्या या सुशिंचा खरा स्पीड अनुभवायचाय? मग बॅरिस्टर अमर विश्वास किंवा दारा बुलंदची छोटीशी रहस्यकथा उचला. वर्णनांचा फापटपसारा नाही, संवादच गाडी पळवतात. प्रकरण अशा जागी तुटतं, की पान उलटावंच लागतं. नागापूर एमआयडीसीतून सुटून पुण्याची एसटी पकडलीत, तर उतरेपर्यंत पुस्तक खल्लास!

खुनी कोण, हे चार दिवसांत विसरायला होतं, मान्य. पण ‘वाचायला वेळच नाही’ म्हणणारे आपण दोन-अडीच तास मोबाइलला हात न लावता बसलो, हे लक्षात राहतं. प्रॉब्लेम वेळेचा नव्हताच यार!