काचेमागची धास्ती

दशलक्षण पर्वात भालकीला एका नातलगांकडे गेले होते. दिवाणखान्यात काचेची पेटी, तिच्यात रंगीत मासे. नातू काचेवर टकटक करी, की मासे कोपऱ्यात दाटत. मी त्याला अडवलं, तर आजी म्हणाल्या, "खेळू द्या की हो! त्यांना काय कळतंय?"

कळतं, आजी. आपल्या शास्त्रात मासा पंचेंद्रिय जलचर. मग तो ताटात आला नाही, एवढ्यावर आपली अहिंसा संपते का?

२०११ साली पोर्तुगालच्या अभ्यासकांनी तिलापिया माशावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. हा तोच मासा, जो १९५२ साली भारतात आणला आणि ज्याला मराठी मुलखात चिलापी म्हणतात. माशांना थोडा वेळ अगदी अपुऱ्या जागेत कोंडत. काहींना त्याआधी ठरलेली खूण दिसे. काहींना मात्र ते कधी होईल याचा मेळच लागत नसे. कोंडणं दोघांनाही होतं. पण खूण कळलेल्या माशांच्या रक्तात कॉर्टिसॉल कमी आढळलं. ताण आला की वाढणारं हे द्रव्य आपल्याही अंगात असतं. म्हणजे दुःख एक, आणि ते कधी येईल ही धास्ती दुसरं.

बायांनो, हे आपल्याला लिस्बनहून कळायला हवं का? संध्याकाळी फाटक वाजलं आणि त्या घरची सून बोलता बोलता गप्प झाली. आज मालकांचा पारा कसा असेल, याचा तिला अंदाज नव्हता. कोणी हात उचलला नाही. पण तिचा घास हातातच राहिला.

कोणी म्हणेल, मग आधी सांगून छळलं तर चालेल? मुळीच नाही. खुणेनं धास्ती कमी होते, पाप कमी होत नाही.

म्हणून सांगते, नवी पेटी घेऊ नका. आहेत ते मासे पुण्य म्हणून कारंजा जलाशयात सोडू नका. परका मासा तळी कशी व्यापतो, ते चिलापीनं दाखवलंय. त्यांना वेळेवर खाऊ द्या, दिवा ठरल्या वेळी लावा-मालवा, काचेवर टकटक थांबवा.

आणि क्षमावणीला सगळ्या गावाची क्षमा मागण्याआधी घरातल्या त्या गप्प झालेल्या सुनेची मागा.