पुरुषांचा रक्तक्षय आणि ‘ताकदीची सुई’

सुट्टीच्या संध्याकाळी रोल्यात आपली मंडळी भेटली की एक तक्रार हटकून कानी येते, “अंगात जीवच राहिला नाही!” वय पंचेचाळीस-पन्नास, दोन जिने चढले की धाप. खापर फुटते ते उन्हावर, नाहीतर वयावर. मग टॉनिकची बाटली येते, किंवा व्यायामशाळेतला कुणी स्नेही ‘ताकदीची सुई’ सुचवितो. रक्त तपासून घेण्याचे मात्र फार थोड्यांना सुचते.

रक्तक्षय हा बायकांचा आजार, अशी आपली जुनी समजूत. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर चार भारतीय पुरुषांत एकजण रक्तक्षयी आढळला. पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे.

आता त्या सुईविषयी. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक केवळ दाढीमिशांपुरते नसते. रक्तपेशी घडविण्यास ते अस्थिमज्जेला चालना देते आणि शरीरातले लोह रक्तासाठी मोकळे करते. म्हणूनच ते फार घटले की काही पुरुषांचे रक्तही उतरते. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, टेस्टोस्टेरॉन कमी आणि रक्तक्षयही असलेल्या ८१५ पुरुषांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी संप्रेरक घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांचा रक्तक्षय दूर झाला. नुसते बिनऔषधी मलम लावणाऱ्यांतही २७.५ टक्के सुधारले होते. म्हणजे उपायात तथ्य आहे. पण तो रामबाण नव्हे.

शिवाय त्याला दुसरी बाजू आहे. याच औषधाने रक्त प्रमाणाबाहेर दाट होऊ शकते. त्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हे खरे. पण हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात गुठळी अडकणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. तरुणांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की शरीरातील शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, कधी थांबतेही. वर्षातून एकदा रजेवर जाणारा, घरी पाळणा हलावा म्हणून आस लावून बसलेला नवरा ‘ताकदीसाठी’ हीच सुई घेतो, तेव्हा तो आपल्याच हाताने आपल्या पायावर कुऱ्हाड मारतो.

आमचे म्हणणे एवढेच, की आधी कारण शोधावे. पुरुषाचे रक्त उगाच कमी होत नाही. मूळव्याध, जठरातला व्रण, आतड्यातली गाठ, मूत्रपिंडाचा विकार, शाकाहाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, यांपैकी काहीही मागे दडलेले असू शकते. सुईने आकडा वर चढला आणि गाठ तशीच राहिली, तर ते घर शाकारून पाया वाळवीला देण्यासारखे आहे. ही सारी कारणे निकालात निघाली आणि दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी केलेल्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी आढळले, तरच संप्रेरकाचा विचार. तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वरचेवर रक्त तपासून.

“व्हिसाच्या मेडिकलमध्ये पास झालो की!” असे काहीजण म्हणतील. ती तपासणी क्षयासारख्या संसर्गजन्य रोगांसाठी असते. तुमच्या हिमोग्लोबिनची हमी ती देत नाही. १ जानेवारी २०२५ पासून शारजातही खाजगी नोकरदारांचा आरोग्यविमा मालकाने काढणे सक्तीचे झाले आहे. ते कार्ड पाकिटात नुसते बाळगण्यासाठी नाही. थकवा महिनाभर हटत नसेल तर डॉक्टरांकडे जावे आणि रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. गावाकडचे अख्खे घर ज्याच्या जिवावर चालते, त्याने स्वतःच्या जिवाची एवढी तरी चौकशी करावी.