तांब्याचे हेड पॅकिंग : माप चोख, व्यवहार चोख

दिवेआगरच्या किनाऱ्यावर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांत जुन्या बुलेट, जावा, येझदी जपणारे हौशी लोकही असतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा-येझदी गाड्या तयार झाल्या. कारखाना बंद पडला, गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत. त्यांचे हेड पॅकिंग फुंकले की कॉम्प्रेशन जाते आणि गाडी घाट चढत नाही. म्हसळा, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन या पट्ट्यातील आपल्या कारागिरांनी या कामाकडे धंदा म्हणून पाहावे, असे आमचे मत आहे.

याला कारण आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे झाड पुन्हा फळावर यायला वर्षे लागतात. आखाती देशांत फिटरचे काम करून परतलेल्या तरुणांच्या हातात हुन्नर आहे, त्याला गावातच काम मिळाले पाहिजे.

माल कोठून आणावा? मुंबईत पायधुणीचा तांबा काटा तांबे-पितळेच्या व्यवहारासाठी प्रसिद्ध आहे. पत्रा गेजच्या तोंडी हिशेबावर घेऊ नये, मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजून घ्यावा. लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला तर आत लोखंड आहे. कडेला कानस मारावी. आत पिवळे दिसले तर ते पितळ. १०० मि.मी. चौरस आणि १ मि.मी. जाड तांब्याचे वजन सुमारे ९० ग्रॅम भरते. म्हणजे मालाची किंमत थोडी, मोल हाताच्या कामाचे. कातरण उरते तेही वजनावर विकले जाते. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी भागीदारीत पंच आणि डाय करून घेतल्यास व्याजी कर्जाच्या दारात जावे लागणार नाही.

जाडी हा या कामाचा प्राण आहे. ६५ मि.मी. बोअरच्या जुन्या जावाला अर्धा मि.मी. जाडी वाढली, तर हेडखालची जागा सुमारे १.७ घन सें.मी. वाढते आणि गाडीचा जोर उतरतो. फार पातळ बसवले तर इंजिन ठोकते, पिस्टन हेडला लागण्याचीही भीती असते. म्हणून जुन्या पॅकिंगची जाडी आधी मोजावी. मधले भोक बोअरपेक्षा किंचित मोठे ठेवावे. कड आत आली तर ती तापून लाल होते आणि पेट्रोल अवेळी पेट घेते.

बसवण्यापूर्वी पॅकिंग सावलीत मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावे. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मऊच राहते, आणि वरची काळी खपलीही सुटते. बारीक पॉलिश पेपरने साफ करून काचेवर सपाटपणा तपासावा. हेड आणि सिलिंडरवरील कार्बन लाकडी पट्टीने काढावा. नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत, कंपनीच्या पुस्तकातील टॉर्कने आवळावेत. गाडी तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत. आपल्याकडे खाऱ्या हवेचा प्रश्न वेगळा आहे. ॲल्युमिनियमचे हेड आणि तांबे यांच्यात खारट ओल राहिली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. वाळूत फिरून आलेली गाडी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करण्याचा सल्ला गिऱ्हाइकाला अवश्य द्यावा.

आता मुख्य मुद्दा. वापरलेले तांब्याचे पॅकिंग शाबूत असेल तर तापवून मऊ करून पुन्हा लावता येते. यात ऐब नाही. मात्र तेच घासून चकाकवून नवे म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. मालातला दोष विक्रेत्याने आपण होऊन सांगावा, हा आपल्या शरीअतचा नियम आहे. सूरह मुतफ्फिफीन तर माप-तोलात मारणाऱ्यांच्याच इशाऱ्याने सुरू होते. ०.८ चा पत्रा १ मि.मी. म्हणून देणे हेही मापात मारणेच होय. परगावचा गिऱ्हाईक पुन्हा कुठे भेटणार, असा विचार काहीजण करतात. पण त्याची गाडी आपल्याकडे अमानत असते. शिवाय जुन्या गाड्यांचे शौकीन एकमेकांना ओळखून असतात. एकाला फसवले तर दहाजण दुकान टाळतात.

आमची सूचना साधी आहे. बिलावर ‘नवे’ की ‘तापवून लावलेले’ ते लिहावे, जाडी लिहावी, मजुरी वेगळी दाखवावी आणि जुने पॅकिंग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे.

याच दिवेआगरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट सापडला. दिलेला शब्द टिकावा म्हणून त्या काळी लोक तो तांब्यावर कोरत. आपल्या कारागिरांनी तांब्याच्या धंद्यात दिलेला शब्द तितकाच पक्का ठेवावा. बरकत देणारा अल्लाह आहे.