टेबलाची जागा मागून घ्या



१४ एप्रिलचं बॅनर करून दे म्हणून ज्याच्याकडे अर्धी वस्ती येते, तो पोरगा कुठं बसून ते करतो, हे कधी कुणी जाऊन पाहिलंय का? आम्ही पाहिलं. अकोल्याच्या अकोट फैलात पाहिलं, अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात पाहिलं. गादीवर मांडलेला लॅपटॉप, पाठीची कमान, चार्जरची वायर टीव्हीच्या बोर्डातून लोंबणारी. आई म्हणते, सरक, पांघरुणं काढू दे. पोरगा सरकतो. त्याचं कोडिंग, त्याचं व्हिडिओ एडिटिंग, त्याची मुलाखतीची तयारी, सगळंच असं सरकत सरकत चाललंय.

यावर बोललं की आपलेच काही ज्येष्ठ कार्यकर्ते हसतात. "टेबल कायले पायजे बे? चळवळ रस्त्यावर असते."

रस्त्यावर असते, मान्य. पण रस्त्यावर वाटायचं पत्रक कुठं लिहिलं जातं? १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू झालं, तेव्हा बाबासाहेबांना चोवीस-चोवीस रकाने एकट्यानं लिहून काढावे लागत. ते काय मोर्चात चालता चालता लिहिले? त्याआधीचं परळच्या चाळीतलं विद्यार्थीपण आठवा. खोलीत दाटी, त्यात जातं आणि शेळीसुद्धा. रामजीबाबा लेकाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवत. घरात जागा नव्हती म्हणून बापानं वेळेतून जागा काढली. पुढे ऐपत आल्यावर बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, ते ग्रंथसंग्रह नजरेसमोर ठेवून. त्यांच्या अनुयायांनी टेबलाला चोचले म्हणावं, हे आम्हाला पटत नाही.

दुसऱ्या टोकाला ते व्हिडिओ आहेत. पांढरी भिंत, कुंडीतलं रोपटं, दोन मॉनिटर, मागे जांभळा उजेड. त्यात टेबलाची किंमत सांगतात, खोलीची सांगत नाहीत. स्वतःची खोली असणं हे तिथं गृहीतच धरलेलं असतं, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कुणाला मिळत आली हे आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही. ते पाहून आपला पोरगा पहिल्या पगारातून रंगीत दिव्यांची पट्टी घेतो आणि बसतो मात्र त्याच गादीवर. (पट्टी परत करा, मागच्यानं टेकायला पाठ असलेली खुर्ची घ्या.)

आमच्या अनुभवातून सांगतो. दोन फूट बाय तीन फुटांची फळी पुरते. जागा नसेल तर ती बिजागऱ्यांनी भिंतीला बसवा, काम झालं की खाली पाडा. उंची एकोणतीस-तीस इंच, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर कोपर काटकोनात राहतं. खुर्ची नसेल तर मांडी घालून बसायचं बैठं मेज करा, लाज वाटायचं कारण नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. खाली जाड पुस्तकं ठेवली तरी चालतं, फक्त हवेची छिद्रं झाकू नका. मग कीबोर्ड आणि माउस मात्र वेगळे हवेत; मानेच्या दुखण्यापेक्षा ते स्वस्त पडतात. खिडकी पाठीमागे नको, बाजूला हवी.

आता वऱ्हाडातली खरी अडचण. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं असतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि डोक्यावर टीन. गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालून गुदमरतो आणि मग "मशीनच डब्बा आहे" म्हणून शिव्या खातो. फळीवर ठेवा, पंखा लावा, कूलरचे तुषार थेट अंगावर येऊ देऊ नका. व्हिडिओ रेंडरसारखं जड काम पहाटे चार ते आठमध्ये उरका. लाईन गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर बंद पडतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. आणि बोर्डाला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची एक पीन तोडून काम भागवणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

हे झालं पोराचं. पोरीचं काय? घरात एकच कोपरा निघाला तर तो भावाला जातो आणि बहीण स्वयंपाकघरात मोबाईलवर लेक्चर ऐकते. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, हे आपण भाषणात सांगतो. घरातल्या फळीचं वेळापत्रक करताना ते विसरतो.

सरकारकडेही मागायला हवं. स्वाधार योजनेत भोजन, निवास, निर्वाह भत्ता धरला आहे. शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय-अभियांत्रिकीला वर्षाला ५ हजार आणि इतर शाखांना २ हजार रुपये. दोन हजारांत चांगला कीबोर्ड-माउस आणि फळी बसते, खुर्ची राहते. लॅपटॉप तर दूरच. आणि आपल्या समाजमंदिरांचं काय? वर्षातले बहुतेक दिवस कुलूप. तिथं भिंतीलगत लांब फळी, दर दोन फुटांवर सॉकेट आणि एक इंटरनेट कनेक्शन, एवढं करायला निवडणुकीची वाट कशाला बघायची?

एवढा आग्रह का धरतो ते सांगतो. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली; अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला होता. त्या काळापासून नामांतरापर्यंत वऱ्हाडातल्या घराघरांत पत्रकं, पावत्या, फोटो, हस्तलिखित जलसे पडून आहेत. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं आमच्यासमोर ट्रंक उघडली तेव्हा तळातल्या गठ्ठ्याची उदईनं माती केली होती. वरचं तेवढं वाचलं. ते स्कॅन करायला, युनिकोडमध्ये टंकायला, दोन प्रती करून एक दुसऱ्याच्या घरी ठेवायला महिनोन्‌महिने एका जागी बसावं लागतं. जुन्या फॉण्टमध्ये टंकलेलं साहित्य आज शोधूनही सापडत नाही, म्हणून युनिकोडचा हट्ट. लिब्रेऑफिस, जिम्प, इंकस्केप फुकट आहेत. नाही ती बसायची जागा.

ती ट्रंक अजून अर्धी भरलेली आहे. पावसाळ्याआधी तिच्यातले कागद फळीवर यायला हवेत. ज्याच्या घरी फळी बसली असेल, त्यानं कळवावं, आम्ही गठ्ठे घेऊन येतो.